दिवेआगरची चूल आणि तिचा बाजार

मोठमोठ्या शहरांतील नामांकित पाककुशलांस गांठून, “आपण स्वतः जेवावयास कोठें जातां, आणि सामान कोठून आणतां?” असें विचारण्याची चाल अलीकडे जगभर पडली आहे. प्रश्न वरवर करमणुकीचा दिसतो. परंतु त्याच्या उत्तरांत त्या शहराचा बराचसा इतिहास सांपडतो. मुंबईच्या आचाऱ्यास विचारलें तर तो मासळीसाठीं भाऊच्या धक्क्याचें, मसाल्यासाठीं लालबागचें आणि फळफळावळीसाठीं १८६९ सालीं उघडलेल्या क्रॉफर्ड मार्केटचें नांव घेईल. पुण्याचा असेल तर १८८६ पासून उभ्या असलेल्या मंडईकडे बोट दाखवील. बंदर, गिरणगांव, इंग्रजी अंमल, जुन्या पेठा हीं सर्व ह्या नांवांतून एकामागून एक डोळ्यांपुढें उभीं राहतात. हाच प्रश्न रायगडच्या किनाऱ्यावरील दिवेआगर ह्या लहानशा गांवांत रांधणाऱ्या बाईस विचारला, तर ती कोणत्या दुकानाचें नांव घेईल? बहुधा कोणत्याच नाहीं. ती घराच्या मागल्या दाराकडे पाहील. आणि जेवण्याच्या जागेविषयीं विचारलें तर आपल्याच पडवीकडे पाहील. हीं दोन्ही उत्तरें दिसावयास साधीं आहेत. परंतु पहिल्या उत्तरामागें कित्येक शतकें उभीं आहेत, आणि दुसरें उत्तर अवघ्या पंचवीस-तीस वर्षांचें आहे. त्या दोहोंची गांठ कशी पडली, आणि आतां ती कशी सैल होऊं लागली आहे, तें येथें पाहावयाचें आहे.

दिवेआगर हें गांव श्रीवर्धन तालुक्यांत, श्रीवर्धनच्या उत्तरेस आणि दिघी बंदराच्या दक्षिणेस वसलेलें आहे. पश्चिमेस कोसभराहून लांब पसरलेला वाळूचा किनारा, त्याच्या कांठीं सुरूचीं व केवड्याचीं बनें, त्यांच्या आड नारळी-पोफळीच्या वाड्या, वाड्यांत घरें, आणि घरांमधून जाणारी अरुंद वाट, असा गांवाचा घाट आहे. शिलाहार राजा मुम्मुणि ह्याच्या वेळच्या, शके ९७५ च्या (इ. स. १०५३) ताम्रपटांत ह्या स्थळाचें नांव ‘दीपकागार’ असें आलें आहे. त्यानंतर सातच वर्षांनीं, शके ९८२ मध्यें, कोरलेला येथील दुसरा ताम्रपट मराठी भाषेंत असून मराठीच्या आद्य लेखांत त्याची गणना होते. ज्ञानेश्वरीहून तो दोनशें तीस वर्षांनीं जुना आहे. भाषेच्या अभ्यासकांनीं त्याचा पुष्कळ विचार केला आहे. आम्हांस येथें त्याच्या भाषेशीं कर्तव्य नाहीं. ज्या वस्तीचें नांव इतक्या आधीं तांब्यावर कोरलें गेलें, ती वस्ती खात काय होती आणि तें आणीत कोठून होती, एवढ्याशींच आहे.

कोंकणांत ‘आगर’ म्हणजे नारळी-पोफळीची बाग. मिठागरांतला आगर निराळा. ह्या किनाऱ्यावर नारळ किती जुना आहे ह्याचें प्रमाण नाशिकच्या लेण्यांत सांपडतें: क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात ह्यानें बत्तीस हजार नारळींचें दान केल्याचें इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांतील तेथील लेखांत नमूद आहे. नारळाच्या झाडांची मोजदाद करून त्यांचें दान देतां येत होतें, म्हणजे नारळ हें त्या काळींहि रानचें झाड राहिलें नसून उत्पन्नाचें साधन झालें होतें, हें उघड आहे.

आगराची रचना ज्यांनीं पाहिली नसेल त्यांस दिवेआगरचा स्वयंपाक नीट समजणार नाहीं, म्हणून तिच्यापाशीं थोडें थांबणें अवश्य आहे. वाडींत एक विहीर असते. तिचें पाणी पूर्वीं रहाटानें वर येई, आतां विजेच्या पंपानें येतें. आणि पाटापाटानें तें प्रत्येक झाडाच्या आळ्यांत जातें. सर्वांत उंच माड. त्याच्या सावलींत पोफळी. पोफळीच्या अंगावर चढलेले मिऱ्याचे वेल. त्यांच्या खालीं केळी, एखादें जायफळाचें झाड. आणि अगदीं जमिनीलगत हळद व अळू. कडेला फणस, आंबा आणि रातांबा. एकाच गुंठ्यावर चार मजले चढविलेले असतात असें म्हटलें तरी चालेल. ह्या चारहि मजल्यांवरून चुलीकडे रोज कांहींना कांहीं उतरतें: माडाचा नारळ, केळीचें फूल आणि पान, कच्च्या फणसाची कुयरी, रातांब्याचें आमसूल, हळदीचीं पानें, अळवाची जुडी, मिऱ्याचा घोस. पोफळीची गळून पडलेली विरीसुद्धां फुकट जात नाहीं. नगदी पैसा मिळतो तो मात्र सुपारीचा. श्रीवर्धनची रोठा सुपारी तिच्या मोठ्या, आंतून पांढऱ्या गरासाठीं प्रसिद्ध आहे. घरांतील लग्नकार्य आणि मुलांचें शिक्षण सुपारीवर, आणि रोजचें जेवण उरलेल्या वाडीवर, अशी येथील जमाखर्चाची जुनी वांटणी होती. म्हणून रांधणाऱ्या बाईची खरेदी ती वाडींत एक फेरी घातली कीं संपत असे. आपल्याकडे जें नाहीं तें शेजारच्या वाडींतून येई, आणि त्या व्यवहारास ‘विकत घेणें’ हा शब्द कोणी लावीत नसे. ‘मागून आणणें’ असें म्हणत, आणि ज्यानें दिलें त्यास पुढें दुसरें कांहीं पोंचतें होई.

ताम्रपटाच्या काळीं ही फेरी घालणाऱ्या बाईस वाडींत काय दिसलें असतें? आजच्यापैकीं बरेंच कांहीं. पण सर्व नव्हे. मिरची नव्हती. काजू नव्हता, अननस नव्हता, पपई नव्हती. बटाटा, टोमॅटो, भुईमूग ह्यांचें नांवहि कोणी ऐकलें नव्हतें. हीं सर्व अमेरिका खंडांतील पिकें; पोर्तुगीजांची गलबतें सोळाव्या शतकापासून ह्या पाण्यांत वावरूं लागलीं, त्यानंतरच्या काळांत तीं हळूहळू आपल्याकडे रुळलीं. उत्तरेस जवळच चौल येथें पोर्तुगीजांचें ठाणें दोनशें वर्षांहून अधिक काळ होतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे ह्या पट्टींत त्यांचा शिरकाव लवकर झाला असावा, असा तर्क करतां येतो. त्यापूर्वीं तिखटपणा आणावयाचा तो मिऱ्यानें व आल्यानें. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराचा ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ इ. स. ११३० च्या सुमाराचा, म्हणजे दिवेआगरच्या मराठी ताम्रपटाहून फार तर सत्तर वर्षांनीं अलीकडचा. त्यांतील अन्नभोगाचें प्रकरण चाळलें तर राजाच्या पाकशाळेंत मांसामत्स्यांचे नानाविध प्रकार होत. परंतु तिखटाची सारी भिस्त मिरीं, आलें, हिंग, मोहरी अशांवरच आहे. उलट उकडीचा मोदक ज्या तीन पदार्थांनीं होतो ते तांदूळ, नारळ आणि गूळ तिन्ही त्या काळीं उपलब्ध होते. सांगावयाचें तें इतकेंच कीं, आज दिवेआगरच्या पानांत शेजारीं शेजारीं बसणाऱ्या बटाट्याच्या भाजींत आणि वालाच्या बिरड्यांत वयानें काहीं शतकांचें अंतर आहे. जेवणाऱ्यास तें कळत नाहीं, आणि कळण्याची गरजहि नाहीं.

परंतु आगर सर्व कांहीं देत नाहीं. भात खलाटींतल्या खाचरांत पिकतें, पण डाळी, गूळ, तूप, गहूं हें सामान घाटावरून किंवा समुद्रावरून यावें लागे. हा मुलूख १९४८ पर्यंत जंजिऱ्याच्या सिद्दीच्या संस्थानांत होता. मुरूड, म्हसळे आणि श्रीवर्धन हे त्याचे भाग. दक्षिणोत्तर जावयाचें तर प्रत्येक खाडी आडवी येई. त्यामुळें सामानाचा खरा रस्ता पाण्यावरचा, मचव्यांचा आणि पुढें आगबोटींचा होता. गांवाला लागून आंत असलेली बोर्ली पंचतनची पेठ ही ह्या सामानाची जवळची जागा, आणि ती आजहि तशीच आहे. दिवेआगरच्या कोणत्याहि घरांत वाण्याची यादी झाली कीं ती बोर्लीस जाते. पंचक्रोशींतल्या कोंकणी मुसलमान घरांचा, कुणबी-आगऱ्यांचा, ब्राह्मणांचा बाजार एकच. घरीं गेल्यावर त्या सामानाचे होणारे पदार्थ तेवढे निराळे.

मासळीचा बाजार मात्र वेगळा, आणि त्याचें घड्याळहि वेगळें. त्यासाठीं जाणकार रांधणारा दक्षिणेच्या भरडखोलकडे वळतो, किंवा आणखी पुढें श्रीवर्धनच्या जीवना बंदरावर जातो. तेथें जाण्याची वेळ सूर्यावर नसून भरती-ओहोटीवर ठरते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. उधाणाच्या ओढीवर जाळ्यांना जें लागतें तें भांगाच्या संथ पाण्यांत लागत नाहीं. म्हणून कोळणीच्या पाटीशीं आज काय मिळेल हें पंचांग पाहून सांगणारीं माणसें ह्या किनाऱ्यावर आहेत. बंदरावर होडी लागल्यावर पाटी उतरते त्या क्षणीं जो तेथें हजर, त्यास पापलेट व सुरमई. जो घटकाभरानें आला त्याला निवडून उरलेलें. भाव सांगणारी कोळीण आणि भाव पाडणारा गिऱ्हाईक ह्यांच्यांतला जो संवाद तेथें चालतो त्यांत मासळीच्या कल्ल्याचा रंग हाच अखेरचा पुरावा मानला जातो. शहरांतल्या बर्फांत ठेवलेल्या मासळीवर पोसलेल्या माणसानें तो एकदां ऐकण्यासारखा आहे.

मग पावसाळा येतो, आणि हे दोन्ही बाजार मिटतात. आगोट हा शब्द आतां पुस्तकी होत चालला. पण पावसाळ्याच्या तोंडाशीं करावयाची आगोटीची बेगमी हाच कोंकणच्या पाकशास्त्राचा पाया होता असें आमचें मत आहे. आमसुलें वाळवून ठेवावयाचीं, आगळ बरण्यांत भरावयाचें, फणसाच्या आठळ्या मातींत घोळून ठेवावयाच्या, आंब्याची व फणसाची पोळी उन्हांत घालावयाची, पोह्यांचे पापड व मिरगुंडें करावयाचीं, वाल-कडव्यांस ऊन द्यावयाचें. मत्स्याहारी घरांत सोडे, सुकट, बोंबील. शासनाच्या हुकुमानें गेलीं कित्येक वर्षें साधारणतः १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. परंतु हुकूम निघण्याच्या पुष्कळ आधीं खवळलेल्या समुद्रानेंच तो घालून दिला होता, आणि नारळी पौर्णिमेस नारळ वाहूनच तो उठे. त्या दोन-अडीच महिन्यांत जें जेवण होई तें एप्रिल-मे मध्यें केलेल्या खरेदीचें होतें. म्हणजे येथील सुगरणीची परीक्षा कोठें खरेदी करावें ह्यापेक्षां केव्हां करावें ह्यांत होती.

आतां दुसऱ्या प्रश्नाकडे वळूं: जेवावें कोठें? ह्या प्रश्नाला १९९७ पूर्वींच्या दिवेआगरांत फारसा अर्थच नव्हता. आलेला मनुष्य कोणाचा तरी पाहुणा असे. शिजविलेलें अन्न विकणें ही गोष्ट नुसती अपरिचित नव्हे, कमीपणाची मानली जाई. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायांत, आपत्काळीं वैश्यवृत्तीनें राहणाऱ्या ब्राह्मणासहि ज्या वस्तू विकण्याची मनाई आहे त्यांत तीळ, मीठ ह्यांच्याबरोबर शिजविलेलें अन्नहि आहे. शास्त्र किती पाळलें जाई हा भाग निराळा. पण त्या विचाराची सांवली घरोघर होती, आणि केवळ ब्राह्मणांच्याच घरीं होती असेंहि नाहीं. पाहुण्याकडून जेवणाचा पैसा घेणें कुणब्याच्या व कोळ्याच्या दारींहि शोभत नसे.

चमत्कार असा कीं, अन्न विकण्याचा धंदा कोंकणच्या बायकांनीं आपल्या गांवीं करण्याच्या कितीतरी आधीं मुंबईस केला. चाकरमानी गिरणीत लागला, त्याचें बिऱ्हाड गांवीं राहिलें, आणि त्याच्या दोन वेळच्या भाकरीची सोय कोणा ओळखीच्या बाईच्या खोलींत झाली. हीच ती गिरणगांवची खाणावळ. १९७५ सालीं प्रेमा पुरव ह्यांनीं अशा खाणावळवाल्या बायकांची अन्नपूर्णा महिला मंडळ ही संघटना उभी केली, तेव्हां हा धंदा किती पसरला आहे तें मुंबईच्या सुशिक्षितांस प्रथमच कळलें. तिकडे दादरास १९१० सालीं निघालेल्या काण्यांच्या उपाहारगृहाचें नांव ‘दक्षिणी ब्राह्मणांचें स्वच्छ उपाहारगृह’ असें होतें. जात आणि स्वच्छता ह्यांची ग्वाही पाटीवर दिल्याशिवाय गिऱ्हाईकाचा संकोच फिटत नसे, हें त्या नांवावरून दिसतें. त्याच वर्षीं लक्ष्मीबाई धुरंधर ह्यांचें ‘गृहिणीमित्र’ प्रसिद्ध झालें, आणि रामचंद्र सखाराम गुप्ते ह्यांचें ‘सूपशास्त्र’ तर त्याच्याहि पूर्वीं १८७५ मध्यें छापलेलें होतें. शहरांतला स्वयंपाक अशा रीतीनें पाटीवर व पुस्तकांत आला. दिवेआगरचा मात्र हातांतल्या हातांत राहिला. सासूच्या हातून सुनेच्या हातांत गेला, आणि तो करणारणीचें नांव घराबाहेर कोणास ठाऊक झालें नाहीं.

हा संकोच फिटला तो एका अकल्पित प्रसंगानें. १७ नोव्हेंबर १९९७ रोजीं गांवांतल्या एका नारळ-सुपारीच्या वाडींत खोदकाम चालू असतां एक तांब्याची पेटी लागली. तींत गणपतीचा सोन्याचा मुखवटा व दागिने निघाले. मुखवट्याचें वजन किलोहून अधिक होतें. त्याची स्थापना होतांच सुवर्णगणेशाच्या दर्शनास राज्यभरांतून लोक येऊं लागले. मुंबई-पुण्याहून पहाटे निघालेला मनुष्य दर्शन घेऊन दुपारीं भुकेला होई, आणि गांवांत जेवावयास ठिकाण नव्हतें. प्रथम कोणीतरी ओळखीनें विचारलें असेल, कोणीतरी भिडेनें हो म्हटलें असेल. पण लवकरच ओटीवर पाट्या लागल्या, पडवींत टेबलें आलीं, आणि जें अन्न काल पाहुण्यास वाढलें जात होतें त्याचा आज दर ठरला. ज्या वाडीनें इतकीं वर्षें नारळ दिला तिनेंच सोनें दिलें, आणि त्या सोन्यानें नारळास गिऱ्हाईक आणून दिलें.

ह्या खाणावळींनीं एक नियम मात्र आपल्या जुन्या घरांतून जसाचा तसा आणला: जेवण आधीं सांगावें लागतें. शहरांतला प्रवासी ह्यावर रागावतो. पैसे देऊनहि अन्न मिळत नाहीं, ही कसली खाणावळ, असें त्यास वाटतें. परंतु ह्या नियमाचें कारण ज्या बाजाराचें वर्णन वर केलें त्यांतच आहे. येथें सामान भरून ठेवलेलें नसतें. माणसांची संख्या कळल्यावर तें वाडींतून वा बंदरावरून यावयाचें असतें. विशेषतः उकडीच्या मोदकांस तर दुसरा मार्गच नाहीं. तांदूळ शक्य तों नवा व वासाचा हवा. तो धुऊन, सांवलींत वाळवून, बारीक दळलेला हवा. उकळत्या पाण्यांत मीठ व तुपाचा थेंब टाकून पीठ वैरावयाचें, वाफ आणावयाची, आणि हाताला चटके बसत असतांच पाण्या-तेलाच्या बोटांनीं उकड मळावयाची. थंड झाली कीं पारी चिरते. नारळ असा हवा कीं त्याचें पाणी वाजतें आहे पण खोबरें सुटलेलें नाहीं. फार कोंवळा असला तर सारण पाणी सोडतें, फार जून असला तर चोथा लागतो. खोवणीवर चव काढतांना करवंटीची काळी पाठ येऊं द्यावयाची नाहीं. मग गुळांत चव शिजवावयाचा, वेलदोडा, जायफळ. पारीस कळ्या पाडून तोंड मिटावयाचें, आणि हळदीच्या नाहीं तर केळीच्या पानावर ठेवून वाफवावयाचें. एका पारीस किती कळ्या, ह्यावरून बाईची पारख होते. आणि हें सर्व खाणाऱ्याच्या आधीं फार तर घटका-दोन घटका. सकाळचा मोदक संध्याकाळीं मोदक राहत नाहीं. तेव्हां ‘आधीं सांगा’ ही अडवणूक नसून शिजविण्याचीच अट आहे. पदार्थांची लांबलचक यादी टांगून वाटेल त्या वेळीं वाटेल तें देणारें उपाहारगृह निघतें तें जेथें माल सांठविण्याची सोय असते तेथें. दिवेआगरांतहि आतां तशीं निघालीं आहेत, आणि पाहुण्यांच्या आग्रहानें पनीरहि समुद्रकांठीं येऊन पोंचलें आहे. येणाऱ्यास जें हवें तें देणें हा धंद्याचा धर्म आहे, हें मान्य. पण फणसाच्या झाडाखालीं बसून पनीर मागणाऱ्याच्या रसिकतेविषयीं न लिहिलेलेंच बरें.

असो. शाकाहारी घरांच्या शेजारीं मासळीचें जेवण देणारीं घरेंहि पुढें आलीं. तांदळाची भाकरी, कोलंबी, तळलेलें पापलेट आणि सोलकढी हें त्यांचें पान. त्यांचा नारळ वाडीचा आणि मासा भरडखोलचा. ह्या दोन प्रकारच्या खाणावळींत चुरस आहे, पण भांडण नाहीं. एकाच गाडींतून आलेलीं चार माणसें दुपारीं दोन घरीं जेवतात आणि समुद्रावर पुनः एकत्र येतात. रांधणाऱ्या बायकांच्या हातीं ह्यांतून प्रथमच स्वतःचा पैसा आला. सुपारीचा पैसा सहसा पुरुषाच्या नांवानें जमा होई. पानाचा पैसा चुलीशीं जमा होऊं लागला. आमच्या दृष्टीनें सुवर्णगणेशानें ह्या गांवांत घडविलेला सर्वांत मोठा पालट हाच.

तो किती नाजूक आधारावर उभा होता हें २४ मार्च २०१२ रोजीं कळलें. त्या दिवशीं पहाटे देवळावर दरोडा पडला. दोन पहारेकरी ठार झाले आणि मुखवटा गेला. गुन्हेगार पुढें सांपडले, त्यांस शिक्षाहि झाल्या, पण सोनें वितळविलेलें होतें. गणपति गेल्यावर यात्रेकरूंची रीघ ओसरली, आणि पडवींतलीं टेबलें रिकामीं राहूं लागलीं. पुढें समुद्रासाठीं येणारा प्रवासी वाढला, तसा धंदा पुनः सांवरला. आणि परत मिळालेल्या सोन्यांतून घडविलेल्या मुखवट्याची स्थापना २३ नोव्हेंबर २०२१ रोजीं, अंगारकी चतुर्थीस, झाली. देवळाचें दुःख ह्या रीतीनें नऊ वर्षांनीं कांहीं अंशीं तरी फिटलें.

आगराचें दुःख मात्र तसें फिटणारें नव्हतें. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ हें चक्रीवादळ ताशीं शंभराहून अधिक किलोमीटरच्या वेगानें ह्या किनाऱ्यावर आदळलें. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड ह्या पट्टींत माड मोडले, पोफळी तर रांगेनें आडव्या झाल्या. पोफळ ही बारीक अंगाची, उंच आणि शेजारणीच्या आधारानें उभी राहणारी. एक पडली कीं पुढच्या दोघींस घेऊन पडते. आजोबानें लावलेली वाडी एका दुपारीं गेली, असें कित्येक घरांत झालें. नुकसानभरपाई ठरवितांना सरकारी रीतीप्रमाणें क्षेत्रफळाचा हिशेब निघाला. तेव्हां येथील बागायतदारांनीं सांगितलें कीं आमच्या वाड्या हेक्टरांत नाहींत, गुंठ्यांत आहेत, आमचीं झाडें मोजा. अखेरीस झाडांप्रमाणें मदत ठरली: नारळाच्या झाडामागें २५० रुपये, पोफळीमागें ५० रुपये. उषवदाताच्या लेखांत झाडें मोजलीं गेलीं तीं दानासाठीं. अठराशें वर्षांहून अधिक काळानंतर त्याच किनाऱ्यावर तीं पुनः मोजलीं गेलीं, तीं पडलेलीं म्हणून. पुढच्याच वर्षींच्या मे महिन्यांत ‘तौक्ते’ वादळानें ह्या किनाऱ्यास पुनः झोडपलें.

पैशाच्या हिशेबाहून चुलीचा हिशेब निराळा आहे. नवी लावलेली पोफळ फळास येण्यास पांच ते सात वर्षें लागतात, बाणवली माडास त्याहूनहि थोडीं अधिक. पोफळ गेली म्हणजे तिच्यावरचा मिऱ्याचा वेल गेला. माडाची सांवली गेली म्हणजे खालच्या हळदीचें, अळवाचें आणि जायफळाचें ऊन-पाणी बिघडलें. चार मजल्यांच्या घराचा वरचा मजला कोसळल्यावर खालचे आपोआप उघडे पडतात. ज्या घरांत मागल्या दाराकडे बोट दाखविणें हेंच खरेदीचें उत्तर होतें, त्यांपैकीं ज्यांच्या वाडींत एकहि फळता माड उरला नाहीं, त्यांस आयुष्यांत प्रथमच नारळ पैसे मोजून आणावा लागला. नारळ बाजारांत वाटेल तेवढे मिळतात. परंतु वाण्याकडचा नारळ कोणत्या माडाचा, केव्हां पाडलेला, हें त्या बाईस सांगतां येत नाहीं. वाडींतल्या प्रत्येक माडाचा स्वभाव तिला ठाऊक असे: ह्याचा नारळ रसास चांगला, त्याचा खोबऱ्यास, विहिरीकडच्याचा मोदकास. हें ज्ञान कोठें लिहिलेलें नव्हतें. झाडाबरोबर तें पडलें. नव्या झाडाबरोबर तें पुनः पहिल्यापासून मिळवावें लागेल, आणि मिळविणारी बहुधा दुसरी कोणी असेल.

केळीचें तसें नाहीं. केळ वर्षाच्या आंत वाढते, म्हणून उजाड झालेल्या वाड्यांत सर्वांत आधीं केळीच उभ्या राहिल्या. खाणावळीचा हिशेब अजून माणसांचा नसतो, पानांचा असतो. सकाळीं फोनवर पहिला प्रश्न येतो तो “किती पानें?” असा. स्टीलचीं ताटें आलीं तरी शब्द तोच राहिला आहे. आणि ज्या घरीं खरोखरीच केळीच्या पानावर वाढतात, त्या घरची बाई आंकडा ऐकून विळा घेते व वाडींत जाते. तितकीं पानें ती कापून आणते, पुसून ठेवते, आणि मग मोदकांसाठीं नारळ काढते. पान घरचें असतें. नारळ, जेथें वाडी पडली तेथें, अद्याप बोर्लीच्या पेठेंतून येतो.